क्लिकचा हिशेब

२०१२च्या मार्चमध्ये ईबे या अमेरिकन कंपनीने स्वतःच्याच नावावरच्या काही जाहिराती थांबवल्या. तोवर कुणी इंटरनेटवर ‘ईबे’ हा शब्द शोधला की पानाच्या माथ्यावर ईबेची जाहिरात दिसायची, आणि तिच्यावर बोट पडलं की कंपनीच्या खात्यातून पैसे वजा व्हायचे. त्याच पानावर, जाहिरातीच्या थोडं खाली, ईबेचा फुकटचा दुवाही असायचाच. मग हे पैसे नेमके कशाचे, असा प्रश्न थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्ह टाडेलिस या ईबेशी संबंधित अर्थशास्त्रज्ञांना पडला. त्यांनी याहू आणि एमएसएनवर या जाहिराती बंद केल्या आणि गूगलवर चालू ठेवल्या, म्हणजे दोन्हीकडची आवक ताडून पाहता येईल. जाहिरातींतून जेवढी माणसं यायची, त्यांतली ९९.५ टक्के फुकटच्या दुव्यावरून तशीच आली.

दुसरा प्रयोग याहून मोठा होता. ज्या शोधांत ईबेचं नाव नाही, नुसतं वस्तूचं नाव आहे, त्यांच्यावरही कंपनी बोली लावत असे. अमेरिकेतल्या सुमारे ३० टक्के भागात या जाहिराती ६० दिवस पूर्ण बंद ठेवल्या, उरलेल्या देशात चालू राहिल्या. जाहिरातीवर क्लिक करून खरेदी केलेल्यांची नुसती बेरीज केली असती, तर खर्चावरचा परतावा चार आकडी टक्क्यांत जात होता. बंद आणि चालू भागांतल्या एकूण विक्रीची तुलना केल्यावर तोच परतावा उणे ६३ टक्के निघाला. शंभर रुपये घातले तर त्यांतले सदतीस परत आले, असा त्याचा अर्थ. नेहमीचा ईबे-ग्राहक जाहिरात समोर दिसली म्हणून तिच्यावर क्लिक करत होता, ती नसती तर दुसऱ्या वाटेने आलाच असता. नव्या आणि वर्षातून क्वचित फिरकणाऱ्या माणसांवर मात्र जाहिरातीचा खरा परिणाम झालेला दिसला. खर्चाचा मोठा वाटा मात्र पहिल्या प्रकारच्या माणसांवर जात होता. हा अभ्यास पुढे २०१५ मध्ये ‘इकोनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

सर्च जाहिरातीतून जास्त परिणाम कसा मिळवायचा, हा प्रश्न आज इचलकरंजीचा कापड व्यापारीही विचारतो आणि डोंबिवलीतला क्लासवालाही. त्यांना बहुधा उत्तर मिळतं ते बोली वाढवण्याचं, बजेट वाढवण्याचं, नवा कॅम्पेन काढण्याचं. मला मात्र आधी ईबेची गोष्ट सांगावीशी वाटते. कारण या धंद्यात जाहिरात विकणारा आणि तिचा परिणाम मोजून दाखवणारा एकच आहे. त्याच्या पडद्यावरचा आकडा खोटा नसतो, पण तो क्लिकनंतर काय झालं तेवढंच सांगतो. क्लिक नसता तर काय झालं असतं, हे त्या आकड्यात नसतं. ते शोधण्याचं काम दुकानदाराचं आहे, आणि परिणाम सुधारण्याची प्रत्येक खरी वाट तिथूनच निघते.

क्लिकमागे पैसे ही कल्पना मुळात जाहिरातदाराच्या सोयीची होती. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या सर्च इंजिनने ती बाजारात आणली. त्याआधी जाहिरात किती जणांना दिसली यावर पैसे लागत, कुणी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही तरीही. गोटूवर ज्याची बोली जास्त तो वर, आणि कुणी किती बोली लावली हे पानावर उघड लिहिलेलं असे. कंपनीचं नाव २००१ मध्ये ओव्हर्चर झालं आणि २००३ मध्ये याहूने ती सुमारे १६३ कोटी डॉलरना विकत घेतली. गूगलने ॲडवर्ड्स ही जाहिरात सेवा सुरू केली ती ऑक्टोबर २००० मध्ये, साधारण ३५० जाहिरातदारांसह. तेव्हा पैसे दाखवण्याचेच होते. फेब्रुवारी २००२ मध्ये तिथे क्लिकचा लिलाव आला आणि त्यासोबत दोन महत्त्वाचे बदलही आले.

लासलगावच्या कांदा लिलावात जो जास्त बोलतो त्याला माल जातो, आणि तो जे बोलला तेच देतो. गूगलने या दोन्ही गोष्टी बदलल्या. नुसत्या बोलीवर जागा मिळत नाही. लोक या जाहिरातीवर क्लिक करतील का, ती शोधाशी जुळते का, क्लिकनंतर उघडणारं पान कामाचं आहे का, यांवर गुणवत्ता ठरते आणि बोलीला तिने गुणलं जातं. समजा, पहिल्याची बोली २० रुपये आणि गुणवत्ता ४. गुणाकार ८०. दुसऱ्याची बोली १२ रुपये आणि गुणवत्ता ८. गुणाकार ९६. वरची जागा दुसऱ्याला. आणि त्याला द्यायचे आहेत ते खालच्याला मागे टाकण्यापुरतेच, म्हणजे ८० भागिले ८, दहा रुपयांच्या जरासे वर. प्रत्यक्षातलं सूत्र आता बरंच गुंतागुंतीचं झालंय, आणि खात्यात दिसणारा १ ते १० चा क्वालिटी स्कोअर हा लिलावातला आकडा नसून ढोबळ खूण आहे. पण मूळ नियम टिकून आहे: पान आणि मजकूर सुधारला तर तोच क्लिक स्वस्त पडतो. बोली वाढवण्याआधी पान दुरुस्त करावं, याचं कारण एवढं रोकडं आहे.

दुसऱ्याच्या बोलीवर किंमत ठरते, म्हणून आपल्याला परवडणारा कमाल भाव निर्धास्त सांगून टाकावा, असा सल्ला अनेक जण देतात. एकच वस्तू विकायची असेल तर तो बरोबर आहे. पण सर्चच्या पानावर एकाच वेळी अनेक जागा विकल्या जातात. बेंजामिन एडलमन, मायकेल ऑस्ट्रोव्स्की आणि मायकेल श्वार्झ यांनी २००७ च्या निबंधात दाखवलं की अशा लिलावात खरा भाव सांगणं नेहमी फायद्याचं ठरत नाही. व्यवहारात त्याचा अर्थ असा की कधीकधी बोली थोडी उतरवून तिसऱ्या जागेवर बसावं. क्लिक कमी येतात, पण प्रत्येकामागे हातात जास्त उरतं. पहिल्या जागेचा हट्ट हा पुष्कळदा मालकाच्या अभिमानाचा असतो. मालक स्वतःच्या फोनवर शोधून पाहतो आणि आपण वर दिसलो नाही की त्याला चैन पडत नाही.

आणि किंमत केवळ प्रतिस्पर्ध्यांमुळे वाढते असंही नाही. अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीचे जाहिरात विभागाचे अधिकारी जेरी डिश्लर यांनी साक्ष दिली. लिलावाच्या रचनेत बदल करून कंपनी दर साधारण पाच टक्क्यांनी, काही शोधांसाठी कदाचित दहा टक्क्यांनीही वाढवत असे, असं त्यांनी सांगितलं. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्च आणि सर्चमधल्या मजकूर-जाहिराती या दोन्ही बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली, असा निर्णय दिला. त्याच २०२४ मध्ये ‘गूगल सर्च व इतर’ या एका शीर्षकाखाली कंपनीचं उत्पन्न १९८ अब्ज डॉलरच्या वर होतं. लहान जाहिरातदार या लिलावाचे नियम बदलू शकत नाही. तो काय विकत घेतो, एवढंच त्याच्या हातात आहे.

काय विकत घेतो, याचं उदाहरण म्हणून हापूस घेऊ. रत्नागिरीतला एक बागायतदार मार्च ते मे या काळात पुण्या-मुंबईला घरपोच पेट्या पाठवतो, असं समजा. पेटीची किंमत ३,५०० रुपये. खोकं, वाहतूक, मजुरी आणि आंब्याची स्वतःची किंमत जाऊन पेटीमागे ७०० रुपये उरतात. क्लिक १२ रुपयांना पडतो आणि शंभरात दोघं पेटी मागवतात. शंभर क्लिकचे १,२०० रुपये, म्हणजे पेटीमागे ६०० चा जाहिरात खर्च. वरवर पाहता शंभर रुपये सुटले. पण जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी आहे. १,२०० चे १,४१६ होतात, पेटीमागे ७०८. ताज्या फळांवर जीएसटी नाही, त्यामुळे जाहिरातीवर भरलेल्या कराचं क्रेडिट या बागायतदाराला घेता येत नाही. तो पेटीमागे आठ रुपये गमावतोय, आणि खात्यातल्या अहवालात कर धरलेला नसल्यामुळे पडद्यावर मात्र नफाच दिसतो.

आता त्या शंभर क्लिकमागे लोकांनी खरोखर काय टाइप केलं होतं, ते पाहू. खात्यात ‘सर्च टर्म्स’ नावाचा अहवाल असतो, आणि माझ्या मते संपूर्ण खात्यातली सर्वांत मोलाची जागा तीच. बागायतदाराने ‘हापूस आंबा’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर, म्हणजे त्याच्याशी संबंधित कुठल्याही शोधासाठी, सोडला असेल, तर त्याखाली सगळं जग गोळा होतं. हापूसचं कलम कुठे मिळेल. आंब्यावर तुडतुड्यासाठी कोणती फवारणी. आमरस काळा पडू नये म्हणून काय करावं. हापूसला जीआय मानांकन कधी मिळालं, हे विचारणारा स्पर्धापरीक्षेचा विद्यार्थी. (ऑक्टोबर २०१८, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी.) इंग्रजीत कीवर्ड घेतला असेल, तर मँगो याच नावाच्या स्पॅनिश ब्रँडचे कपडे शोधणारी तरुणीसुद्धा. यांतला प्रत्येक माणूस सभ्य आहे, त्याची गरज खरी आहे, पण त्याला पेटी नको आहे. त्याच्या कुतूहलाचे पैसे बागायतदार भरतो.

हे शब्द नेगेटिव्ह यादीत, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांच्या यादीत, टाकायचे. इथे एक खाचखळगा आहे. साध्या कीवर्डसाठी गूगल समानार्थी शब्द आणि अनेकवचनं आपणहून जोडतं, नेगेटिव्हसाठी तसं करत नाही. मराठीत हे जास्त जाचतं, कारण आपल्याकडे शब्दाला विभक्ती लागते. ‘झाड’ टाळलं म्हणून ‘झाडं’, ‘झाडाची’, ‘झाडाला’ टळत नाहीत. ‘रोप’, ‘रोपे’, ‘कलम’, ‘कलमे’ वेगवेगळे लिहावे लागतात. काम कंटाळवाणं आहे आणि दर आठवड्याला करावं लागतं. पण शंभरांतले असे चाळीस क्लिक गळाले आणि दोन पेट्या तशाच राहिल्या, तर कर धरून खर्च येतो सुमारे ८५०. पेटीमागे ४२५. आठ रुपयांचा तोटा होता तिथे २७५ रुपये सुटतात, आणि बोलीला हातसुद्धा लावलेला नाही.

गेल्या दशकात ही चाळणी आपल्या हातून हळूहळू सुटत गेली आहे. पूर्वी एग्झॅक्ट मॅच म्हणजे नेमका तोच शब्द. २०१४ पासून त्यात अनेकवचनं आणि चुकीची स्पेलिंगं सक्तीने आली, २०१७ मध्ये शब्दांचा क्रम सैल झाला, २०१८ मध्ये ‘अर्थ तोच असला की पुरे’ असा नियम झाला. सप्टेंबर २०२० पासून थोड्याच लोकांनी केलेले शोध अहवालातून दिसेनासे झाले. त्यांचे पैसे लागतात, पण शब्द कळत नाहीत. म्हणून जे शब्द दिसतात ते डोळ्यांत तेल घालून वाचणं आता जास्त गरजेचं झालं आहे.

मराठी माणूस शोधतो कसा, हेही त्या अहवालातच कळतं. कुणी ‘हापूस’ लिहितं, कुणी ‘हापुस’. रोमन लिपीत टाइप करणाऱ्यांची स्पेलिंगं तर असंख्य. खरेदीला निघालेला माणूस ‘भाव’, ‘किंमत’, ‘पेटी’, ‘घरपोच’ हे शब्द जोडतो, आणि ‘ओरिजनल’ हा शब्द तर फार जोडतो, कारण हापूस म्हणून दुसरीकडचा आंबा गळ्यात मारला जाण्याची भीती त्याच्या मनात घर करून आहे. ती भीती पानाच्या पहिल्या पडद्यावरच मिटायला हवी. देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर आणलं. ज्याच्याकडे असा पुरावा आहे त्याने तो वर दाखवावा. बागेचं गाव, पेटीतली फळांची संख्या, फळाचं वजन, पोचायला लागणारे दिवस आणि पैसे परत मिळण्याची अट हे सगळं फोन न करता कळलं पाहिजे. शंभरात दोनऐवजी तीन पेट्या गेल्या, तर क्लिकचा भाव एक तृतीयांशाने उतरल्यासारखाच आहे. बोलीच्या खटपटीने एवढं क्वचितच साधतं.

जाहिरातीचं शीर्षक मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते. शीर्षकाला ३० वर्णांची मर्यादा आहे, आणि संगणकाच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र वर्ण. ‘रत्नागिरी हापूस थेट बागेतून’ या ओळीत डोळ्यांना तेरा अक्षरं दिसतात, संगणक मोकळ्या जागा धरून सत्तावीस मोजतो. त्यामुळे इंग्रजी जाहिरातीचा अनुवाद करून चालत नाही, तो मावतच नाही. थोडक्यात बोलणारं मराठी नव्याने लिहावं लागतं. ज्या धंद्यांत गिऱ्हाईक घरच्या भाषेत विचार करतं, तिथे एवढे कष्ट घ्यायला हवेत. जेवणाचे डबे, मंगल कार्यालय, शेतीची अवजारं, आयुर्वेदिक उपचार ही सगळी त्याच भाषेतली दुनिया आहे.

खातं उघडताना आपोआप निवडलेल्या काही गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. सर्चच्या कॅम्पेनमध्ये डिस्प्ले नेटवर्कची खूण बहुधा आधीच केलेली असते. ती काढली नाही, तर शोधणाऱ्यांसाठी ठेवलेले पैसे इतर वेबसाइटींवर आणि ॲपमध्ये चुकून पडलेल्या बोटांवर जातात. ठिकाणाच्या निवडीत ‘तिथे असलेले’ लोक आणि ‘त्या ठिकाणात रस असलेले’ लोक, असे दोन्ही आधीच धरलेले असतात. फक्त कोथरूडमध्ये डबा पोचवणाऱ्याने दुसरा पर्याय नक्की काढावा. आंबेवाल्याने मात्र थोडा विचार करावा, कारण न्यू जर्सीत बसून पुण्यातल्या आईवडिलांसाठी पेटी मागवणारा मुलगा त्या दुसऱ्या गटातच सापडतो. त्याच्यासाठी वेगळा कॅम्पेन आणि परदेशी कार्ड चालणारं पान हवं. रोजचं बजेट हेही नाव फसवं आहे. गूगल एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पटही खर्च करू शकतं, महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या ३०.४ पट. गुढीपाडव्याला पैसे भसाभस गेले म्हणून घाबरून कॅम्पेन बंद करणारे लोक ही मर्यादा माहीत नसल्यामुळे ऐन हंगामात गैरहजर राहतात. खातं स्वतः सुचवण्या करतं आणि काही आपोआप लागूही करू शकतं. त्यांतल्या बऱ्याच सूचनांचा शेवट बजेट वाढण्यात होतो. आपोआप लागू होण्याची ती परवानगी मी तरी कधी देणार नाही.

ज्याचं दुकान रस्त्यावर आहे, त्याने तर पैसे भरण्याआधी गूगल मॅप्सवरची फुकटची नोंद नीट करावी. वेळ, फोन, ताजे फोटो आणि गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांना उत्तरं. ‘जवळचा सायकल दुरुस्तीवाला’ शोधणाऱ्याला बहुधा आधी तीच दिसते.

स्वतःच्या नावावर बोली लावावी का, हा ईबेचा प्रश्न भारतात वेगळ्या वळणाने येतो. ईबेचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. लहान धंद्याच्या नावावर दुसरा कुणी येऊन बसला, तर गिऱ्हाईक खालच्या फुकटच्या दुव्यापर्यंत पोचेलच असं नाही. सायमोनोव्ह, नॉस्को आणि राव यांनी बिंगवरच्या प्रयोगांतून हेच दाखवलं: प्रतिस्पर्धी नसेल तेव्हा स्वतःच्या नावावरची जाहिरात फारसं काही मिळवून देत नाही, प्रतिस्पर्धी आला आणि आपण गैरहजर असलो, तर तो आपल्या क्लिकांतला लक्षणीय वाटा नेतो.

आणि त्याला तिथे यायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स हे नाव चालवणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्सने गूगलला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं होतं, कारण त्या नावाच्या शोधावर इतरांच्या जाहिराती दिसत होत्या. खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी सांगितलं की दुसऱ्याचं व्यापारचिन्ह कीवर्ड म्हणून वापरणं एवढ्यानेच उल्लंघन होत नाही. लोकांची दिशाभूल होत असेल तर होतं. गूगल हा केवळ निष्क्रिय मध्यस्थ आहे, हा बचावही न्यायालयाने मानला नाही. मेकमायट्रिपच्या नावावर बुकिंग डॉट कॉमने बोली लावल्याच्या वादातही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाचा कल असाच राहिला, आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. थोडक्यात, जाहिरातीच्या मजकुरात कुणी आपलं नाव वापरून गिऱ्हाइकाला गोंधळात टाकत असेल तर दाद मागता येते. नुसता शेजारी येऊन बसला असेल, तर आपली जाहिरात तिथे असणं हाच उपाय. पण तो खरोखर बसलाय का, हे महिन्यातून एकदा पाहावं, आणि नसेल तर ते पैसे वाचवावेत.

स्वयंचलित कॅम्पेनमध्ये हाच प्रश्न झाकला जातो. २०२१ च्या अखेरीस आलेल्या परफॉर्मन्स मॅक्समध्ये सर्च, यूट्यूब, जीमेल, मॅप्स असं सगळं एकत्र चालतं आणि पैसे कुठे घालायचे हे यंत्र ठरवतं. आपल्याच नावाने शोधणारी माणसं त्यात मिसळली की अहवाल झळाळतो, कारण ती माणसं खरेदी करतातच. आपल्या ब्रँडचं नाव त्यातून वगळण्याची सोय आहे. ती वापरून अहवाल पुन्हा पाहावा. आकडे खाली येतील. जे उरेल ते नवं गिऱ्हाईक.

यंत्राला मी नावं ठेवत नाही. हजारो लिलावांत क्षणाक्षणाला बोली बदलणं माणसाला शक्य नाही, आणि नीट माहिती दिली तर ते यंत्र चांगलं काम करतं. पण आपण ज्याला ‘कन्व्हर्जन’, म्हणजे जाहिरातीचं यश, म्हणू, ते तेच शोधून आणतं. पान उघडलं की कन्व्हर्जन, असं धरलं तर ते पानं उघडणारी माणसं आणेल. फोनच्या बटणावर बोट पडलं की कन्व्हर्जन, असं धरलं तर त्यात चुकून लागलेले फोन, ‘भरती आहे का’ विचारणारे फोन आणि माल विकायला आलेले फोन सगळे मोजले जातील. आपल्याकडे सौदा फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर पक्का होतो, वेबसाइटवर क्वचित. म्हणून पक्क्या झालेल्या ऑर्डर परत खात्यात चढवणं हे इथल्या धंद्यासाठी सर्वांत महत्त्वाचं तांत्रिक काम आहे. प्रत्येक क्लिकला गूगल एक ओळखक्रमांक देतं. तो चौकशीच्या नोंदीसोबत जपला, तर नंतर ‘या क्लिकमधून ३,५०० ची पेटी गेली, त्यातून काही नाही’ असं यंत्राला सांगता येतं. एवढं जमत नसेल, तर फोन घेणाऱ्याने ‘आमचा नंबर कुठे मिळाला?’ हे विचारून वहीत लिहावं. नोंद अपुरी राहील, तरी ती आपली असेल.

खातं दुसऱ्याकडे चालवायला दिलं असेल, तर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवाव्यात. खातं आपल्या ईमेलवर उघडलेलं असावं आणि एजन्सीला त्यात प्रवेश द्यावा, उलट नको. एजन्सी बदलताना वर्षानुवर्षांची शब्दांची यादी आणि इतिहास गमावलेले धंदे मी पाहिले आहेत. दुसरं म्हणजे मोबदला. तो खर्चाच्या टक्केवारीवर असेल, तर वाया जाणारे चाळीस क्लिक गाळणाऱ्या माणसाचीच कमाई घटते. ठरलेली मासिक रक्कम दोघांनाही बरी.

गूगलवरच्या मक्तेदारीच्या त्या खटल्यात सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश मेहता यांनी उपायांचा निर्णय दिला. जाहिरात-लिलावातले मोठे बदल गूगलने जाहीर करावेत, असं त्यांनी सांगितलं. पण प्रत्येक शोधाचा तपशील जाहिरातदारांना देण्याची किंवा पूर्वीसारखा काटेकोर एग्झॅक्ट मॅच परत आणण्याची सक्ती केली नाही. भारतात ऑगस्ट २०२४ पासून पानाच्या वरच एआयने लिहिलेलं उत्तर येऊ लागलं आहे. माहितीचे शोध त्या उत्तरापाशीच संपू शकतात, आणि आमरस काळा का पडतो हे विचारणारा माणूस कुणाच्याही पानावर यायची गरज उरत नाही. फुकटच्या दुव्यांवर जगणाऱ्या संकेतस्थळांसाठी ही चिंतेची बाब आहे. पेटी विकणाऱ्याला मात्र खरेदीचा शब्द टाइप करणाऱ्यावर लक्ष ठेवायला हे आणखी एक कारण आहे.

ईबेने केलं ते लहान माणसाला करता येईल का? बऱ्याच अंशी, होय. मागच्या हंगामाच्या ऑर्डर घ्याव्यात, वहीतल्या आणि व्हॉट्सॲपवरच्या सगळ्या, आणि प्रत्येकीपुढे तारीख, पिनकोड आणि गिऱ्हाईक जुनं की नवं एवढं लिहावं. जुन्यांना मार्चमध्ये जाहिरातीशिवाय निरोप जातो, त्यांच्यावर क्लिकचा खर्च नको. मग साधारण सारखी मागणी असलेले भाग निवडावेत. समजा, ठाणे आणि डोंबिवली एका बाजूला, पनवेल आणि वसई दुसऱ्या. एका बाजूच्या जाहिराती दोन-तीन आठवडे पूर्ण बंद, दुसरीकडे चालू, नंतर अदलाबदल. जाहिरातीचा अहवाल बाजूला ठेवून फक्त वहीतली एकूण विक्री पाहायची. ऑर्डर थोड्या असतील तर छोट्या फरकावर विश्वास ठेवू नये. चाळीसच्या जागी पंचेचाळीस पेट्या निव्वळ योगायोगानेही जातात. अदलाबदलीच्या आधी आणि नंतरही फरक जाहिरातीच्याच बाजूने दिसला, तर मानावा.

जुनी वही कोकणात मोहोर येण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत उतरवून काढावी. प्रयोगाचे आठवडे ठरवताना कॅलेंडरवर अक्षय्य तृतीया आधी पाहून घ्यावी आणि तिच्या आसपासचा पंधरवडा सोडून द्यावा. त्या दिवसांत जाहिरात असो वा नसो, आंबा जातोच, आणि त्यामुळे दोन्ही भागांतली तुलना बिघडते.